दिवाणातली मूळपेशी

आईला पहिली केमो दिली त्या दुपारी तिच्या कमरेच्या हाडातल्या मूळपेशी आमच्या हॉलमध्ये झोपायला आल्या.

रिक्षांनी आल्या, काखेत उशा धरून. चपला दाराबाहेर नीट लावल्या, चहा नको म्हणाल्या आणि जागा दिसेल तिथं आडव्या झाल्या. वीसेक असतील. सगळ्यांची तोंडं आईसारखी, फक्त आईच्या तोंडावर कायम असते ती कंडक्टरची ‘सुट्टे काढा’ची घाई त्यांच्या तोंडावर नव्हती. कोणी सोफ्यावर, कोणी टीव्हीच्या टेबलाखाली, दोघी शोकेसच्या आडोशाला. एकीला जागा उरली नाही, तर ती फ्रिज आणि भिंत यांच्या फटीत उभ्याउभ्याच झोपली.

आम्हाला याची कल्पना होती. डॉक्टर मुजावर मॅडमनी आधीच सांगितलं होतं. मिरजेत डॉक्टर पुष्कळ आहेत, समजेल असं बोलणारे कमी. मॅडम बोलतात. त्या म्हणाल्या, "हे औषध जी पेशी काम करत असेल तिला धरतं. गाठीतल्या पेशी सारख्या वाढत असतात, म्हणून त्या सापडतात. पण रक्त तयार करणाऱ्याही सापडतात, केसांच्या मुळाशी असतात त्याही सापडतात. औषधाला चांगलं-वाईट कळत नाही. चालू आहे की बंद आहे, एवढंच कळतं."

"मग रक्ताचं काय?" मी विचारलं.

"त्यासाठीच मूळपेशी. त्या बहुतेक वेळ झोपलेल्या असतात, आणि झोपलेलीला औषध सहसा हात लावत नाही. औषध निघून गेलं की त्यांतल्या काही उठतात. उठलेल्या एकीच्या दोघी होतात. एक कामाला जाते, दुसरी परत झोपते. कामाला गेलेलीपासून पुढं हजारो होतात. लाल, पांढऱ्या, प्लेटलेट, सगळं तिचंच. पण दुसरी परत झोपली पाहिजे बरं का. दोघीही कामाला गेल्या तर तो पलंग कायमचा रिकामा."

"मग हाडातच का नाही झोपत त्या?" आईनं विचारलं.

"हाडात आता पाडापाडी होणार. त्या आवाजानं जाग आली तर सापडतील. तुमच्या घरी शांत असतं ना?"

आई माझ्याकडं बघत म्हणाली, "झोपायच्या बाबतीत आमच्या घरासारखं घर नाही मिरजेत."

हा टोमणा मला होता. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं हे विचारायला पुष्कळ लोक आले, उत्तर ऐकायला कोणी थांबलं नाही. तेव्हापासून मी हॉलमधल्या दिवाणावर पडलेला असतो. आमच्या लोकांची मोठी गंमत आहे. साठीचा माणूस दुपारी आडवा झाला की ती विश्रांती, विशीतला झाला की तो आळस. ज्यांनी उभी नोकरी खुर्चीत डुलक्या काढत केली ते घरी येतात, आमचे पोहे खातात आणि मला विचारतात, "दिवसभर पडून कसं राहवतं रे तुला?" मी म्हणतो, तुम्हाला जमलं तसंच. मग ते आईला म्हणतात, पोरगा उद्धट आहे.

यात पहिला नंबर दिनकरआप्पांचा. आप्पा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, पलीकडच्या गल्लीत राहतात. बाबा गेल्यापासून ते आमच्या घराचे मुख्याध्यापक झाले. नेमणूक कुणी केली नव्हती. प्रत्यक्षात ते शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यातून उतरली नाही. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात पंगत उठायला उशीर झाला तेव्हा त्यांनी शिट्टी मारून पंगत उठवली होती, माणसांच्या पानात मठ्ठा तसाच. माझं नाव संग्राम त्यांनीच ठेवलं. "नाव संग्राम आणि रणांगण दिवाण," असं ते आल्यागेल्याला सांगतात आणि स्वतःच हसतात.

तर मूळपेशी झोपल्या. सगळ्यांत शेवटी त्यांच्यातली थोरली आली, एकटीच, जिना हळूहळू चढत. तिच्याकडं उशीही नव्हती. बाकीच्या झोपलेल्या, त्यांच्यावरून तिनं एकदा नजर फिरवली, नापसंतीनं मान हलवली आणि माझ्या दिवाणापाशी येऊन थांबली.

"ह्याच्या पोटात काय असतं?"

"गोधड्या. जुनी गादी. बाबांचा स्वेटर."

"उघड."

मी उठून झाकण वर केलं. तिनं पदर खोचला आणि आत उतरली. गोधड्यांच्या खाली सरकत सरकत पार तळाला गेली.

"ऐक. ह्या वरच्या सगळ्या वेळेला उठतील. मला उठवायचं नाही. सगळ्या संपल्या, तरच. कुणी विचारलं तर आत कुणी नाही म्हणायचं. आणि वर कुणीतरी झोपून राहायला पाहिजे, म्हणजे झाकण उघडायला कुणी येणार नाही. जमंल?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला येत असलेलं काम सांगत होतं.

"जमेल," मी म्हणालो.

"अनुभव?"

"दोन वर्षांचा."

"लाव झाकण."

संध्याकाळी औषध आलं. करड्या सफारीतला बारीक माणूस, वारंवार बदली होणाऱ्या माणसाचा असतो तसा दमलेला चेहरा. सलाईनमधून तो दुपारीच आईच्या अंगात शिरला होता, पण घरची तपासणी संध्याकाळी असते, असं त्यानं दारातच सांगितलं. मग बूट काढून आत आला.

"इथं काय काय चालू आहे?"

"काही नाही बाई," आई आतून म्हणाली. तिला सगळेच बाई वाटतात, दिवसभर हजार प्रवाशांशी बोलून तिची तशी सवय झालीय. "झोपल्यात सगळ्या."

तो प्रत्येकीजवळ वाकला, श्वास ऐकला आणि पुढं सरकला. फ्रिजमागच्या उभीलाही त्यानं वाकून बघितलं. माझ्यापाशी येऊन थांबला.

"हा?"

"माझा मुलगा. काही करत नाही."

"बरं," म्हणून तो पुढं गेला.

हे वाक्य ऐकून उसासा न टाकणारा तो पहिला माणूस.

नेमके तेव्हाच आप्पा शहाळी घेऊन आले. पाहुणा कोण हे कळल्यावर त्यांनी छाती पुढं काढली. "साहेब, या पोराकडं बघून आमच्या घराण्याचा अंदाज करू नका. मी पहाटे उठतो. सूर्यनमस्कार, फिरणं, प्राणायाम. शरीरात काम अखंड चालू. या मिशा बघा, आठवड्याला कापाव्या लागतात."

"चालू आहे म्हणता?" औषधानं विचारलं.

"अखंड!"

"बरं," औषध म्हणालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांची डावी मिशी उशीवर निघाली. औषधानं उजवी का सोडली ते कळलं नाही; बहुधा जेवढं सांगितलं तेवढ्यातलं निम्मंच त्याला खरं वाटलं असावं. आईचे केसही पुढं गेले. सगळे गेले त्या सकाळी ती आरशासमोर बराच वेळ बसली होती. मी मागं उभा राहिलो. तीच शेवटी म्हणाली, "विनातिकीट सगळे उतरले बघ," आणि डोक्यावरून हात फिरवून हसली. मग आप्पांचा विषय काढून इतकी हसली की मला पाणी आणायला लागलं.

आई एसटीत कंडक्टर आहे. वीस वर्षं मिरज आणि आसपासच्या गावांमध्ये तिनं माणसं बसवली, उतरवली, भांडली, समजावली. केमोनंतर तिचं तोंड आलं आणि हाक मारता येईना. म्हणून मी देव्हाऱ्यातली घंटा काढून हॉलच्या चौकटीला टांगली आणि तिला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बांधून दुसरं टोक आईच्या पलंगापर्यंत नेलं. एक बेल म्हणजे थांब. दोन बेल म्हणजे चल. आम्हाला दोघांना यापेक्षा जास्त भाषा लागत नाही. देवाची घंटा काढली म्हणून आप्पा चिडले. देव काही बोलला नाही.

काही दिवसांनी औषध निरोप घेऊन गेलं. त्या वेळेपर्यंत आईच्या हाडात शुकशुकाट झाला होता. पांढऱ्या पेशी नावालाच. पाण्याचा पेलाही तिला दोन्ही हातांनी उचलावा लागायचा. कुणाला आत सोडायचं नव्हतं, कच्चं काही द्यायचं नव्हतं. मी दिवाणावर पडून हॉलकडं बघत होतो. सगळ्या घोरत होत्या.

तेवढ्यात दोरी हलली. टण टण.

आईला मी हवा होतो, पण फ्रिजमागची आधी जागी झाली. मग टीव्हीखालची. वीस वर्षं कमरेतून त्यांनी हीच बेल ऐकली होती. फ्रिजमागची बाहेर आली, तिनं आळस दिला आणि कणकेचा लांब गोळा मधून तोडावा तशी कमरेत बारीक होत होत दोघी झाली.

"मी निघते," एक म्हणाली.

"जा," दुसरी म्हणाली आणि फटीत शिरून परत घोरू लागली.

निघालेली आतल्या खोलीकडं चालू लागली. चालता चालता तिच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. बेसिनपर्यंत जाईतो पॅसेज भरला. दारात पोचेपर्यंत नुसता घोळका, लाल काय, पांढऱ्या काय, बारक्या प्लेटलेट तर माणसांच्या पायांतून वाट काढणाऱ्या. दारात चेंगराचेंगरी झाली. आणि आतून, तोंड आलेलं असतानाही, आईचा आवाज आला. "पुढं चला, पुढं चला! दारात उभं राहू नका, आत मोकळंच आहे! ओ लाल, तुम्ही सरका की जरा!"

चार दिवसांनी तिनं झुणका मागितला. मी केला. वाईट झाला. तिनं सगळा खाल्ला.

दुसरी आणि तिसरी केमो अशीच पार पडली. प्रत्येक वेळी थोड्याच उठायच्या, एकीच्या दोघी, एक कामाला, एक झोपायला. हॉलमधली गर्दी होती तेवढीच राहायची. मी दिवाणावरून फक्त जेवायला आणि अंघोळीला उठायचो, तेव्हा झाकणावर धुणं रचून ठेवायचो.

चौथी केमो शेवटची होती. ती दिली, औषध आलं, तपासणी झाली. आता सवयीचं झालं होतं. आईनं त्याला चहा दिला आणि तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसून पीत होता. दिवेलागणीची वेळ. तेवढ्यात आप्पा आले.

त्यांनी दारातून हॉल बघितला. पंखा फिरतोय, वीसेक बायका गाढ झोपल्यात, दिवाणावर मी.

"तिन्हीसांजेला झोपतात घरात?" ते म्हणाले.

"आप्पा, हळू."

"दिवेलागणीला घरात लोळणं! लक्ष्मी दारातून परत जाते. म्हणूनच या घरात आजारपण आलंय. एक लोळत होता तेव्हाच मी सांगितलं होतं. आता बघा, अख्खा वर्ग लोळतोय."

"आप्पा, औषध घरात आहे अजून. गप बसा."

"मला गप बसवतोस? कालचं पोरगं! अरे, मी हजार मुलांना शिस्त लावली."

"त्यातला एक तरी तुम्हाला भेटायला येतो का?"

हे बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. बोलायलाच हवं होतं, फक्त दुसऱ्या दिवशी. आप्पांचा चेहरा लाल झाला. त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि मारली.

दोन मजल्यांवरची कुत्री भुंकली. हॉलमधल्या सगळ्या ताडकन उठून बसल्या. आईची बेल त्यांना माहीत होती, तिच्यात किती जणींनी उठायचं ते त्यांना कळायचं. शिट्टीत ते काही नव्हतं. शिट्टीचा अर्थ एकच, सगळे.

"दक्ष!" आप्पा ओरडले. "रांग धर! घरातली बाई आजारी आहे आणि तुम्ही झोपा काढता? चला, कामाला!"

सगळ्या एकदम कमरेत बारीक झाल्या. एका रांगेच्या दोन रांगा झाल्या. मागची रांग सवयीनं उशीकडं वळली, तशी आप्पांनी परत शिट्टी मारली. "आडवं कोण होतंय? मागची रांगसुद्धा! दोन्ही रांगा, धावत चल!"

दोन्ही रांगा धावत निघाल्या.

औषधानं कप खाली ठेवला. ते उठून उभं राहिलं आणि मला म्हणालं, "हे चालू आहे असंच म्हणावं लागेल ना?"

"नाही," मी म्हणालो. "नाही हो."

"मला दिसतंय," ते म्हणालं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, एवढं मी सांगू शकतो. "माझा नाइलाज आहे."

त्यानं काम आवाज न करता केलं. पॅसेज रिकामा झाला. हॉलमध्ये फक्त उशा राहिल्या. आप्पा शिट्टी हातात धरून मधोमध उभे.

"कुठं गेल्या सगळ्या?"

"कामाला," मी म्हणालो. "तुम्हीच पाठवल्यात."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांची उरलेली मिशी थरथरली. पण ते खाली बसले नाहीत. आमची मोठी माणसं चूक झाली की बसत नाहीत, आणखी काहीतरी करायला लागतात. आप्पा उशा गोळा करून एकावर एक रचायला लागले.

मी मॅडमना फोन लावला. "सगळ्या गेल्या," मी म्हणालो.

"एकही राहिली नाही?"

आप्पा ऐकत होते. औषध कप विसळत होतं. मी म्हणालो, "मॅडम, मी दिवाणावर झोपलोय."

मॅडमना अर्थ कळला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एक पुरते. पण औषध जायच्या आत ती उठली तर आईच्या हाडात रक्त करणारं कुणी उरणार नाही. आणि औषध गेल्यावर ती उठली नाही तरी तेच. तू उठू नकोस."

मला आजवर पुष्कळांनी पुष्कळ सल्ले दिले. हा एकच मी तंतोतंत पाळला.

मुक्काम संपेपर्यंत औषध रोज संध्याकाळी फेरी मारायचं. आणि आप्पा रोज सकाळी यायचे. काही उपाय करायचा म्हणून त्यांनी पडदे धुतले, नळाचा वॉशर बदलला, बीटाचा रस काढून भिंत लाल केली. आईला दिवसेंदिवस थकवा येत होता, कुशीवर वळली तरी धाप लागायची. आप्पा तिच्या दाराबाहेर उभे राहायचे आणि माझ्यावर ओरडायचे, कारण दुसरं ओरडायला कुणी नव्हतं.

एका संध्याकाळी ते हॉलमध्ये झाडू मारताना थांबले.

"कुणीतरी घोरतंय."

"मी," मी म्हणालो.

"तू जागा आहेस."

"जागेपणीसुद्धा घोरतो. सवय आहे."

"आवाज खालून येतोय." त्यांनी झाडू टाकला. डोळे चमकले. "आत आहे कुणीतरी! एक राहिलीय! ऊठ, ऊठ बघू. उठवूया तिला."

"नाही."

"अरे, तुझी आई तिकडं—"

"म्हणूनच नाही."

"संग्राम, मी शेवटचं सांगतोय. आयुष्यभर लोळलास. आज तरी ऊठ!"

"आप्पा, तुम्ही आयुष्यभर लोकांना उठवलंत. आज तरी झोपू द्या."

त्यांनी माझा हात धरून ओढला. मी दिवाणाची कड धरली. पी.टी.चा माणूस, जोर अजून आहे; पण दोन वर्षं पडून पडून माझं वजनही होतं. मी हललो नाही. तशी त्यांनी शिट्टी तोंडाकडं नेली. त्यांना ती मारायची होती ती रागानं नाही, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. केलेलं निस्तरायला त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतंच. दारात सफारी उभी होती, बूट काढत.

टण.

एकच.

आप्पांचा हात थांबला. आतल्या खोलीतून भिंतीला धरत आई आली. डोक्याला सुती रुमाल, चेहरा कागदासारखा. पण उभी राहिली ती बसच्या दारात उभी राहते तशीच, एक खांदा चौकटीला टेकवून.

"भावजी, तिकीट काढलंय?"

"काय?"

"ह्या गाडीचं तिकीट काढलंय का तुम्ही?"

"हेमलता, अगं, मी या घरातला थोरला—"

"थोरल्यांना सवलत आहे. पास दाखवा." आई थांबली, श्वास घेतला. "नसला तर गप बसून राहायचं. बेल कंडक्टरची. शिट्टीपण कंडक्टरचीच, गाडी मागं घेताना मी मारते ती. पॅसेंजरनं मारायची नसते. आणा इकडं."

आप्पांनी गळ्यातून शिट्टी काढली. मी ती त्यांच्या गळ्याबाहेर प्रथमच बघितली; दोरीचा पांढरा वण मानेवर उठून दिसत होता. त्यांनी ती आईच्या हातावर ठेवली आणि चपलांच्या स्टँडवर बसले. करायला काही उरलं नाही तेव्हा माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं. बसल्या जागी मान कलली. झोपले.

औषध आत आलं. दिवाणाजवळ वाकलं, माझा श्वास ऐकला, त्याखालचाही ऐकला असावा. मग आप्पांजवळ वाकलं.

"बंद," ते म्हणालं आणि पहिल्यांदाच हसलं.

शेवटच्या दिवशी त्यानं बूट घातले आणि आईला म्हणालं, "माझं इथलं काम झालं. परत भेट होऊ नये."

"नीट जा," आई म्हणाली. "सुट्टे आहेत का रिक्षाला?"

त्याच दुपारी दोरी हलली. टण टण.

आप्पा सोफ्याच्या टोकाला बसले होते, हात मांडीवर. मी दिवाणावर. आम्ही दोघंही वाट बघत राहिलो. खालून घोरणं तसंच.

टण टण.

काही नाही. आप्पांचा हात गळ्याकडं गेला, तिथं काही नव्हतं, तो परत मांडीवर आला. मला वाटलं संपलं. गोधड्या जाड आहेत, तिला ऐकूच जात नसेल. मी विचार करत राहिलो, काय करावं.

टण टण! आणि आतून आईचा होता नव्हता तो सगळा आवाज. "अरे लेका, ती बेल तुला आहे!"

मी झाकणावर झोपलो होतो.

मी उठलो. वर्तमानपत्रात यावं असं काही त्यात नव्हतं, पण आप्पा उभे राहिले. मी झाकण उघडलं. एकेक गोधडी बाहेर काढली, गादी काढली. तळाशी थोरली झोपली होती, बाबांचा स्वेटर डोक्याखाली घेऊन. तिनं एक डोळा उघडला.

"सगळ्या संपल्या?"

"हो."

"कुणी?"

आप्पाच पुढं झाले. "मी," ते म्हणाले. समोर उभं राहून चूक कबूल करणारी मुलं त्यांनी आयुष्यभर बघितली असतील. आता ते स्वतः तसे उभे होते, आणि वाईट दिसत नव्हते.

"बरं," ती म्हणाली. बाहेर आली, आळस दिला, कमरेत बारीक झाली आणि एकीच्या दोघी झाली.

मग दोघीही झोपल्या.

"अरे!" आप्पा कुजबुजले. "या परत झोपल्या!"

"आप्पा. आधी पलंग भरू देत."

"मी काही करत नाही. मी फक्त सांगतोय."

थोड्या वेळानं दोघींच्या चार झाल्या आणि चौघी झोपल्या. आप्पा घामाघूम झाले. आत आईचा श्वास ऐकू येत होता. संध्याकाळ होत आली, खिडकीतून उन्हाची तिरीप जमिनीवर लांब झाली. चौघींच्या आठ झाल्या. आठ जणींना जागा हवी म्हणून आप्पांनी, एवढ्या मोठ्या माणसानं, चवड्यांवर चालत उशा वाटल्या. तिन्हीसांज झाली. त्यांनी दिवा लावला, आणि तो कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून आडवा हात धरून उभे राहिले.

मग आठांतली एक उठून बसली. दोघी झाली.

"मी निघते," एक म्हणाली.

"जा," दुसरी म्हणाली.

बेसिनपर्यंत जाईतो पॅसेज भरला. आप्पा भिंतीला चिकटून उभे, त्यांच्या पायांतून प्लेटलेट पळतायत, आणि ते एका हातानं वाट दाखवतायत, तोंडातून चकार शब्द नाही. आतून आवाज आला, आधी खरखरीत, मग चढत गेलेला. "चला, चला, पुढं चला! आत मोकळंच आहे! ओ पांढऱ्या, तुमची बॅग वर ठेवा!"

आप्पा रडत होते. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "बीटाचा रस डोळ्यात गेला." बीट चार दिवसांपूर्वीच संपलं होतं.

आईची तपासणी चांगली आली. हाडातली पाडापाडी थांबलीय, आता मंडळींनी घरी जायला हरकत नाही, असं मॅडम म्हणाल्या. एका सकाळी मूळपेशी उशा काखेत मारून रिक्षांत बसल्या. थोरली गेली नाही. "मला इथं बरं आहे," ती म्हणाली आणि दिवाणात उतरली. आईनं हरकत घेतली नाही. जागा तिचीच होती.

आईचे केस आले, पोरासारखे आखूड आणि ताठ. आप्पांची डावी मिशी आली ती पांढरी आली. उजवी काळी ठेवून ते गावभर फिरतात आणि विचारणाऱ्याला खरं काय ते सांगतात. शिट्टी आईच्या बॅगेत असते. दुपारचे ते आता आमच्याकडंच येतात, सोफ्यावर आडवे होतात आणि कधीकधी दिवेलागण होऊन गेली तरी उठत नाहीत. मी त्यांना उठवत नाही.

परवा आई ड्यूटीवर परत गेली. खाकी कोट अंगावर जरा सैल होतो. पहाटेची गाडी, म्हणून तिनं आवाज न करता डबा भरला, बॅग खांद्याला लावली. दारात थांबून तिनं हॉलकडं बघितलं. आदल्या संध्याकाळपासून न उठलेले आप्पा सोफ्यावर, मी दिवाणावर. मग हात वर करून तिनं दोरी ओढली.

टण.

एकच. मी कूस बदलली. खाली तीही वळली.